बाळंतीण झालेली पिकअप

साल दोन हजार बावीस. डिझेल शंभरीला टेकलं होतं आणि आमच्या चोपड्याकडच्या पिकअपवाल्यांच्या तोंडी एकच शब्द होता, ॲव्हरेज. लिटरभर डिझेलात गाडी किती किलोमीटर चालते, त्याला आमच्याकडे ॲव्हरेज म्हणतात. चहाच्या टपरीवर पोराबाळांची चौकशी मागे पडून "तुनी गाडी कितलं देस?" हाच पहिला प्रश्न झाला होता.

दिवाळी होऊन गेली होती. मला जळगावला डोळे दाखवायचे होते म्हणून मी आमच्या गल्लीतल्या अभिमनच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर बसले. गाडी अठरा वर्षांची. केळीचे घड जास्त बसावेत म्हणून त्यानं कठडा हातभर वाढवला होता, खाली भार पेलायला स्प्रिंगचे जादा पाटे टाकले होते. वर भार, पुढून वारा, त्यात म्हातारं इंजिन. गाडी नऊ द्यायची. नऊच्या वर तिनं कधी दिलं नाही.

जळगावच्या अलीकडे एका बंद पडलेल्या ढाब्यासमोर पिकअपची रांग लागलेली. पंधरा-वीस तरी असतील. कुणाच्या बॉनेटवर हळद, कुणाच्या आरशाला हार. मागच्या पत्र्याच्या शेडला चारी बाजूंनी ताडपत्री लावली होती, आतून ओव्याचा धूर येत होता आणि शंख, ढोल असा गोंगाट चालला होता की शेजारच्याचं बोलणं ऐकू येऊ नये.

"हे काय रे?" मी विचारलं.

"ॲव्हरेजबाबा, अक्का! आपला वना पिकअपवाला शे ना, त्यानी गाडी नऊनी बारावर गयी. तू बस, मी आलो."

मी बसते कसली! उतरून पुढे गेले.

बाबा चाळिशीचा, गोरागोमटा, अंगावर पिवळी शाल. उलट्या क्रेटवर उभा राहून सांगत होता, "मायबापहो, इंजिन म्हणजे काय? कूस! डिझेल म्हणजे काय? दूध! तुमची लक्ष्मी रात्रंदिवस ओझी वाहते, तिला कधी विसावा दिला? इथं तिचा नवा जन्म होतो. ती बाळंतीण होते. मग दूध दुप्पट उतरतं!"

मी आरोग्य खात्यात नर्स होते. चौतीस वर्षं अडावदपासून डोंगरापर्यंत बाळंतपणं केली. पिकअपला दूध उतरल्याचं पहिल्यांदाच ऐकत होते.

"बाळंतिणीला सव्वा महिना कसं जपतो आपण?" बाबानं विचारलं.

"दार बंद!" गर्दी ओरडली.

"तसंच बॉनेट बंद! सव्वा महिना उघडायचं नाही. परक्याचा हात लागू द्यायचा नाही. मिस्त्रीचा तर नाहीच नाही. पन्नासच्या वर पळवायची नाही. चाकात हवा भरपूर. मोडलं कुणी, तर दूध आटलं म्हणून समजा!"

एक जण नवी कोरी गाडी घेऊन आला होता, आकड्यांच्या चकचकीत मीटरची. बाबानं तिच्याकडे पाहिलं नाही. "नव्या गाड्या वांझ असतात. घेऊन जा."

हे माझ्या मनात तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला वांझ शब्दाचाच राग आला आणि त्या रागात बाकीचं निसटलं.

अभिमनची गाडी ताडपत्रीआड गेली. मालकाला आत जायला बंदी. अर्ध्या तासानं बाहेर आली तेव्हा बॉनेटच्या फटीवर पिवळी पट्टी चिकटवून त्यावर लाखेचं सील ठोकलं होतं. ड्रायव्हर लोक तिच्या पाया पडत होते. तेरा हजार रुपये दिले, असं अभिमननं मला आठ दिवसांनी सांगितलं.

एका डोळ्यातला मोतीबिंदू पिकलाय, असं डॉक्टर म्हणाले. परत निघताना अभिमननं पंपावर टाकी गळ्यापर्यंत भरली आणि मीटर शून्यावर आणला. पन्नासच्या वर काटा जाऊ न देता त्यानं गाडी चोपड्यात आणली. उतरताना माझी नजर मीटरवर गेली. एकोणसत्तर. डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून चष्मा पुसून पाहिलं. एकोणसत्तरच.

या रस्त्यावर मी आयुष्यभर एसटीनं हिंडले. कंडक्टर टप्पे मोजून तिकीट फाडायचा, मी किलोमीटरचे दगड मोजून डुलकी घ्यायची. जळगाव ते चोपडा बावन्नच्या आसपास. एकोणसत्तर कुठून आले?

मी तोंड उघडलं आणि अभिमनकडे पाहिलं. किती वर्षांनी तो असा हसत होता! "नऊनं साडेबारा देई आता, अक्का. बठ्ठी बाबानी कृपा शे."

मी काही बोलले नाही. हे मी लपवत नाही, कारण पुढचं सगळं त्या गप्प बसण्यातून आलं.

चार आठवडे गेले. अभिमनचा हिशेब खरोखर साडेबाराचा लागत होता. त्यानं तो सगळ्यांना सांगितला आणि आणखी तीस गाड्या ढाब्यावर गेल्या. एकच तक्रार होती त्याची, "बाजारले रोज उशीर होस, अक्का. काटा पन्नासवर, तरी सायकलवाले पुढं जातात."

मग एका शुक्रवारी सकाळी नईम मिस्त्री माझ्या दारात आला. त्याच्या वडिलांपासून त्यांचं गॅरेज अडावद नाक्यावर आहे. अभिमनची गाडी त्याच्याच हाताखालची. तो ओट्यावर बसला, पाणीही घेतलं नाही.

"अक्का, दिवाळीआधी मी अभिमनभाऊला बोललो होतो. ब्रेकच्या पाईपाला पाझर आहे, ब्रेक ऑइल उतरतंय. दोन तास गाडी दे. तो म्हणे, पुढच्या हप्त्यात. आता बॉनेटला हात लावू देत नाही. वरून ऑइलसुद्धा टाकू देत नाही. रविवारी नातवाचं जावळ आहे ना, डोंगरातल्या देवीला?"

"हो. मलाही बोलावलंय."

"पाठीमागं अठरा माणसं बसणार आहेत. चढ कसाही चढेल हो, अक्का. उतरायचं कसं?"

अभिमनची मुलगी दीपमाला, तिचं वर्षाचं बाळ, तिची सासरची माणसं. मी चपला घातल्या.

अभिमन अंगणात गाडीला हार घालत होता. दुसरा पिकअपवाला वना शेजारी उभा होता. नईमला पाहताच वना म्हणाला, "या मिस्त्री! गिऱ्हाईक तुटलं म्हणून अक्काले वकील केलं का?"

"ब्रेक कसा लागतो रे?" मी अभिमनला विचारलं.

"पायडल थोडं खाली जातं. बाबांना फोनवर विचारलं मी. बाळंतिणीचं अंग सैल पडतंच, म्हणाले."

नईमनं कपाळाला हात लावला.

"बॉनेट उघड," मी म्हटलं.

"नही, अक्का. नऊ दिवस राहिलेत फक्त. आता तोडलं तर बठ्ठं वाया."

"बरं, नको उघडूस. मला दहा किलोमीटर फिरवून आण. सपाट रस्त्यानं, हळू. तू मीटर बघ, मी दगड बघते."

जीव मुठीत धरून बसले मी. नईम मागे कठड्याला धरून उभा, वनाही गंमत बघायला चढला. एका दगडापाशी मीटर शून्यावर आणला. मी बोटं दुमडत गेले, एक, दोन, तीन... दहाव्या दगडापाशी म्हटलं, "थांब. किती?"

अभिमन मीटरकडे पाहत राहिला.

"किती रे?"

"तेरा. वर थोडं."

"रस्ता लांबला का?"

"दगड चुकीचे बसवले असतील," वना मागून म्हणाला. "सरकारी काम शे."

"पन्नास वर्षांपूर्वीही हे गाव इथंच होतं, वना. जळगाव चोपड्यापासून दूर सरकलं असेल तर मला कुणी सांगितलं नाही. अरे, दहा चालून तेरा दाखवणारी गाडी नवाचे बारा दाखवणारच. आणि काटा पन्नास दाखवतो तेव्हा ती सदतीस-अडतीसनं चालतेय. म्हणून बाजाराला उशीर होतो. हळू चालते म्हणून डिझेल जरासं वाचतं, तेवढंच काय ते खरं."

अभिमनला पटलं होतं, ते त्याच्या मानेवरून कळत होतं. पण त्याचा हात सीलकडे जाईना. "मीटर बिघडलं असेल," तो हळूच म्हणाला. "बॉनेटचं काय त्यात? सव्वा महिना होऊ दे, अक्का. एवढ्या लोकांना मीच सांगितलं. मी काय सांगू त्यांले?"

तेव्हा मी त्याला ते सांगितलं, जे सत्तेचाळीस वर्षं सांगितलं नव्हतं.

"तुझी आई कशानं गेली, माहीत आहे?"

"नजर लागनी होती. आजी सांगायची."

"पुष्पाबाईला नजर लागली नव्हती. ताप आला होता. बाळंतपणाच्या सहाव्या दिवशी. मी बावीस वर्षांची, नवीन नोकरी. तुमच्या दाराशी आले. खिडकीला गोणपाट, आत शेगडी, ओव्याचा धूर. तुझी आजी म्हणाली, सव्वा महिना दार उघडणार नाही, परक्याचा हात लागणार नाही. माझ्या पिशवीत औषध होतं, अभिमन. मोठ्या माणसांशी कशाला वाद, म्हणून मी उंबऱ्यावरून परत गेले. अकराव्या दिवशी तिला बाहेर काढली. तुला माझ्या हातात दिलं."

अभिमननं चावी फिरवून इंजिन बंद केलं.

"त्या दिवशी मीटरवर एकोणसत्तर मी पाहिले होते. तू हसत होतास, म्हणून गप्प बसले. म्हणजे दोनदा झालं माझं. तिसऱ्यांदा मी परत जाणार नाही. उद्यापासून तुझ्या गाडीसमोर रस्त्यात बसेन."

अभिमन खाली उतरला. पिवळ्या पट्टीत त्यानं अंगठ्याचं नख घातलं आणि सील उपटून काढलं. बॉनेट वर गेलं. नईमनं ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढून त्याच्यासमोर धरलं. तळाला बोटाच्या पेराइतकं ऑइल होतं, काळं.

"रविवारी उतारावर पहिल्या वळणालाच ब्रेक गेला असता," नईम म्हणाला. त्यानं मग डबीत ऑइल भरलं आणि गाडी स्वतः चालवत, पावलापावलानं, गॅरेजवर नेली. तिथं तो खाली सरकला. गिअरबॉक्समधून मीटरला एक तार जाते. तिच्या टोकाला प्लॅस्टिकची लहानशी दातेरी चकती असते, बोटाच्या कांड्याएवढी. एक बोल्ट काढला की ती हातात येते. नईमनं ती आणि गॅरेजमधली एक जुनी, दोन्ही अभिमनच्या तळहातावर ठेवल्या.

"मोजा, भाऊ."

अभिमननं मोठ्यानं मोजले. जुनीला वीस दाते. गाडीतून निघालेलीला पंधरा.

"दाते कमी, तर तार जास्त फिरते," नईम म्हणाला. "तीन किलोमीटरला चार दाखवते. दहा मिनिटांचं काम. बाबाचं सील वर, चोरी खाली."

नव्या गाड्यांना अशी तार नसते, म्हणून त्या वांझ. आवाज ऐकू जाऊ नये म्हणून ढोल. खालचा माणूस दिसू नये म्हणून धूर. आणि ज्याला ही चोरी पाहताक्षणी कळली असती, त्या मिस्त्रीचा हात नको! सव्वा महिना संपेपर्यंत बाबा दुसऱ्या तालुक्यात.

वनानं दोन्ही चकत्या उलटसुलट करून पाहिल्या. म्हणाला, "तुनी खोटी निघाली. मनी खरी असेल." आणि निघून गेला.

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांना घेऊन ढाब्यावर गेलो तेव्हा क्रेट होता, बाबा नव्हता. शेडमध्ये फळ्यांखाली माणूस उभा राहील एवढा खड्डा, आणि खड्ड्यात गोणपाटाची पिशवी. तिच्यात वीस दात्यांच्या चकत्या. पोलिसांनी मोजल्या, एकसष्ट.

पुढं काय झालं ते सांगते. बाबाचं खरं नाव झुलाल. धुळ्याकडच्या एका गॅरेजमधून काढून टाकलेला कारागीर. पाच महिन्यांनी सापडला, जामिनावर सुटला, खटला अजून चालू आहे. इतकी हातोटी होती हातात, सरळ काम केलं असतं तर नाव काढलं असतं, असं नईम अजून म्हणतो.

चकत्यांची पिशवी पोलिसांनी पंचनामा करून सोडली. ती नईमच्या गॅरेजवर आहे. चाळीसेक ड्रायव्हर आले, खाली मान घालून बदलून घेऊन गेले. नईमनं कुणाला टोमणा मारला नाही. उरलेले आलेच नाहीत. त्यांच्या गाड्या अजून साडेबारा देतात.

वनाचं सील शाबूत होतं. जावळाच्या दुसऱ्या दिवशी रिकामी गाडी घेऊन तो डोंगरातून उतरत होता. महिनाभर कुणी ब्रेकचं ऑइल पाहिलं नव्हतं, ब्रेक लागला नाही. बाभळीला धडकून पाय मोडला, त्यात सळई आहे. मी भेटायला गेले तेव्हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "अक्का, त्याच दिवशी माझंही बॉनेट का नाही उघडायला लावलं?" मी अभिमनसाठी भांडले, वनाला जाऊ दिलं.

म्हणून आता ओळखीचा असो की परका, मी सांगते. कुणी म्हटलं, आत पाहू नका, जाणत्याला दाखवू नका, तर आधी तेच करा. ॲव्हरेज हवं असेल तर चाकात हवा बघा, पाय हलका ठेवा, वेळेवर ऑइल बदला. मीटरचा संशय आला तर रस्त्याकडेचे दगड मोजा, त्यांना कुणाच्या कृपेची गरज नाही. आणि तुम्हाला काही दिसलं असेल तर समोरचा हसत असला तरी बोला.

गेल्या वर्षी दीपमालाचं दुसरं बाळंतपण झालं. पाचव्या दिवशी अंग तापलं. घरातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, सव्वा महिना बाहेर काढायची नाही, वारा लागेल. अभिमननं कुणाशी वाद घातला नाही. तिला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, बाळ माझ्या मांडीवर दिलं आणि भर दुपारी आम्ही जळगावला गेलो. चार दिवसांत दीपमाला बरी झाली.

परतताना त्यानं पंपावर टाकी भरली आणि हिशेब केला.

"कितलं दिधं?" मी विचारलं.

"नऊ," तो म्हणाला, आणि हसला.