आहेरात गेलेलं मत्स्यालय

लग्नाच्या पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापणारा माणूस एकतर भाबडा असतो, नाहीतर श्रीमंत. आपल्या लोकांना रिकाम्या हाताने जेवलेलं पचत नाही. अश्लेषाच्या लग्नात हेच झालं. पाकीट न्यावं तर पत्रिकेचा अपमान, न न्यावं तर आपलाच. शेवटी सोसायटीतल्या कुणाच्या तरी सुपीक डोक्यातून निघालं, की आपल्या मत्स्यालयाची टोकनं पडलीच आहेत मोबाइलमध्ये, तीच पाठवू या. ॲपमध्ये फुलाचं चित्र असलेलं ‘भेट द्या’ असं बटणही होतं. एकाने दाबलं, त्याचं बघून दुसऱ्याने दाबलं, आणि मांडवात सगळ्यांनी निर्धास्तपणे बासुंदी ओरपली.

हे मत्स्यालय म्हणजे विरारच्या आगाशी रस्त्यावरच्या त्या सोसायटीचा तळमजल्यावरचा हॉल. शेजारचं बावखल, म्हणजे गावचं गोड्या पाण्याचं जुनं तळं, बुजवायला घेतलं तेव्हा नंदाखालच्या फ्रान्सिसकाकांनी जाळं टाकून त्यातले मासे वाचवले आणि विनयाताईंनी हॉलमध्ये काचेच्या टाक्या मांडून त्यांचा संसार थाटून दिला. वर्गणी सगळ्यांनी काढली. विनयाताईंचा मुलगा विघ्नेश कॉम्प्युटरवाला. त्याने वर्गणीच्या बदल्यात प्रत्येकाला क्रिप्टोची टोकनं वाटली. ज्याची जेवढी टोकनं, त्याची तेवढी मतं. नवा फिल्टर घ्यायचा की जुनाच धुवायचा, इथपासून सगळं मोबाइलवर ठरणार. अध्यक्ष नको, सेक्रेटरी नको, भांडण नको, असं तो म्हणायचा. भांडणं व्हायची ती झालीच. फरक इतकाच, की ती आता बोटांनी होऊ लागली.

बाजारात त्या टोकनांना कुत्रं विचारत नव्हतं. म्हणून तर ती आहेरात गेली. आणि ती आपल्या मागे काय काय घेऊन गेली, हे कळायला ए विंगमधला अल्पेश लागला.

अल्पेशला हॉलमध्ये जिम हवी होती. त्याने रीतसर प्रस्ताव टाकला: मत्स्यालय बंद करावं, मासे विकावेत. मतदान रविवारी संध्याकाळी संपणार होतं. विनयाताई तावातावाने त्याच्या दारात गेल्या तेव्हा तो बिचारा वरमलाच.

“काकू, माझ्यावर चिडू नका. माझ्या हातात काय नाय. अर्ध्याच्या वर टोकन अश्लेषाकडे आहेत. ती बोलेल तेच होणार.”

“आणि मासे घेणार कोण?”

“कळंबला एक कॉटेजवाले आहेत ना, त्यांनी तळं केलंय. पाहुणे गळ टाकतात, मासा लागला की तिथेच भाजून देतात. एकदम चालतंय.” मग जरा घुटमळून तो म्हणाला, “अश्लेषाच्या सासरचंच आहे ते.”

अश्लेषा दुसरी-तिसरी कुणी नव्हती. विनयाताईंच्याच बी विंगमधली ही मुलगी त्यांची सून व्हायची होती. विघ्नेशशी तिचा साखरपुडा झाला होता, लग्नाचा हॉल ठरला होता. दर रविवारी ती ओढणी कमरेला खोचून विनयाताईंबरोबर टाक्या धुवायला यायची, आणि तासभराच्या कामाला दोघी गप्पांच्या नादात दुपार करायच्या. मग नेदरलँड्सला गेलेल्या विघ्नेशने एके दिवशी फोनवर सांगितलं, की त्याला हे लग्न करायचं नाही. कारण विचारलं तर म्हणाला, कारण काही नाही. मुलीकडे निरोप द्यायला विनयाताईंनी नवऱ्याला, शांतारामरावांना, पाठवलं. स्वतः गेल्या नाहीत. उद्या जाऊ, परवा जाऊ, असं करता करता जायची वेळ टळून गेली. त्यानंतर लिफ्टमध्ये गाठ पडू नये म्हणून ही बाई गुडघे दुखत असताना जिन्याने चढ-उतार करत राहिली. अश्लेषाचं कळंबच्या संग्रामशी लग्न ठरलं, तेव्हा रीतसर पत्रिका आली. विनयाताई लग्नाला गेल्या नाहीत. मांडवात कुठल्या तोंडाने उभं राहायचं? घरी बसून त्यांनी आपली सगळीच्या सगळी टोकनं त्या फुलाच्या बटणावरून पाठवून दिली, आणि मग बराच वेळ मोबाइल हातात धरून रडल्या.

त्यामुळे आता गंमत अशी झाली होती, की जिच्या जिवावर मत्स्यालय चालत होतं तिला त्यात एकही मत नव्हतं. मत सोडा, कोण कुणीकडे झुकलंय हेही कळायची सोय नव्हती, कारण मतदान संपेपर्यंत ॲप ज्याचं मत त्यालाच दाखवायचं.

चार दिवस त्यांनी तळमळत काढले. त्यात टाकीतल्या मरळीची पिल्लं नेमकी आत्ताच अंड्यांतून बाहेर आली होती. लालसर पिल्लांचा एकच पुंजका पाण्यात वर यायचा, आणि आई-बाप खालून पहारा करत फिरायचे. टाकीपाशी बोट नेलं तरी मरळ काचेवर धडक द्यायची. विनयाताई ते बघायच्या आणि त्यांना कळंबचा तवा दिसायचा. फोन करावा असं शंभरदा मनात आलं. पण ज्या मुलीला तिच्या पडत्या काळात एक शब्द बोललो नाही, तिला आता माशांसाठी फोन करायचा? गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. विनयाताईंना अक्कल होती, आणि तिचाच ताप होत होता.

रविवारी सकाळी शांतारामराव वैतागले. “जा तरी, नाहीतर रडू तरी नकोस. चहात मीठ घातलंयस आज.”

मग त्या रिक्षात बसल्या.

कळंबला सुरूच्या झाडांपलीकडे कॉटेज होती आणि बाजूला ते तळं. काठावर दोन पाहुणे गळ टाकून बसलेले. ओटीवर एक ठसठशीत बाई मासे साफ करत होती. ती अश्लेषाची सासू, जिजाबाई.

“कोन पायजे?” तिने विचारलं.

“मी विरारहून आले. अश्लेषाच्या माहेरच्या सोसायटीतली.”

“मग उभ्या का? बसा ना बाय. ए अश्लेषा, मायेरचं मानूस आलंय! पानी आन.”

माहेरचं माणूस! विनयाताईंना जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. तेवढ्यात अश्लेषा पाण्याचा तांब्या घेऊन आली, त्यांना बघून थबकली, आणि मग तांब्या पुढे करत म्हणाली, “काकू, उन्हाच्या आलात.”

रिक्षात विनयाताईंनी सगळं भाषण घोकलं होतं. मरळीची पिल्लं, बावखल, फ्रान्सिसकाका, जिमचा गोंगाट. त्यातला एक शब्द आठवेना. पाणी तसंच हातात धरून त्या म्हणाल्या, “मी माशांसाठी निघाले होते अश्लेषा, खोटं कशाला बोलू? पण आधी दुसरं सांगते. माझ्या मुलाने तुझं वाईट केलं. आणि मी त्याच्याहून वाईट केलं. मी आले नाही. यायला हवं होतं मी. तुझ्या आईपुढे, तुझ्यापुढे उभं राहायला हवं होतं. तोंड लपवून जिन्याने फिरत राहिले. मला माफ कर म्हणायलासुद्धा उशीर झालाय, तरी म्हणते. माशांचं तुला हवं ते कर. मी त्यावर काही बोलणार नाही.”

अश्लेषा ओटीच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसली. जिजाबाईचा कोयता थांबला होता. सगळं तिला ठाऊक असणार, कारण तिने नजर वर केली नाही.

“तुम्ही जिन्याने जायचात ते मला माहीत होतं,” अश्लेषा शेवटी म्हणाली. “मीही घरातून निघाले, की दार उघडायच्या आधी कान देऊन ऐकायचे. तुमच्या चपलांचा आवाज आला की बाहेरच जायचे नाही. मला वाटायचं, तुम्हाला माझं तोंडही बघायचं नाही.”

“अगं बाई!” विनयाताई म्हणाल्या, आणि हातातला तांब्या त्यांनी पायरीवर ठेवला.

अश्लेषाने डोळे पुसले, मोबाइल काढला आणि त्यांच्यासमोर धरला. मत्स्यालय बंद करावं का? तिच्या नावापुढे ‘नाही’ होतं. आणि तारीख होती बुधवारची, म्हणजे प्रस्ताव आला त्याच दिवसाची. निम्म्याहून जास्त मतं एका फटक्यात तिकडे पडली होती. अल्पेशच्या जिमचा निकाल चार दिवसांपूर्वीच लागला होता.

विनयाताईंनी तो पडदा पुन्हा पुन्हा वाचला. छातीवरचा धोंडा उतरला तशा त्या खांबाला टेकून मोठ्याने हसल्या, इतक्या की तळ्यावरच्या पाहुण्यांनी वळून बघितलं.

“पण तुझ्या सासऱ्यांना मासे हवे होते ना?”

“पाव्हन्यांसाठी हो,” जिजाबाईच मधे बोलली. “ते दुसरीकडून आनतील. आमच्या घरात कोन खातो गोड्या पान्याचा मासा? चिखलाचा वास येतो त्याला. तुमचे मासे तुमालाच लखलाभ, बाय.” आणि तिचा कोयता पुन्हा चालू झाला.

आता जिवात जीव आला, तसा विनयाताईंना थोडा हक्काचा रागही आला. “मग मला कळवलं का नाहीस गं? चार दिवस अन्न गोड लागलं नाही मला. एका मेसेजचं तर काम होतं.”

“एका मेसेजचंच होतं,” अश्लेषा म्हणाली. “चारदा लिहिला आणि पुसला. पाठवला असता काकू, तर तुम्ही आला असता?”

विनयाताईंनी तिच्याकडे बघितलं. साखरपुडा मोडल्यानंतर इतक्या जवळून त्या आज पहिल्यांदाच तिच्याकडे बघत होत्या.

“नसते आले,” त्या म्हणाल्या, आणि त्यांनी तिचा हात धरला.