टेकाडावरचा कर्णा

मी कर्णा बोलतोय. हातात धरायचा, सेलवर चालणारा, मागे खटका आणि पुढे पांढरं रुंद तोंड असलेला. घाबरू नका, ओरडणार नाही. ओरडायचं तेवढं ओरडून झालं. जन्मभर दुसऱ्यांचे शब्द माझ्या तोंडून गेले, स्वतःचा एकही नाही. तेव्हा आता जरा बसा आणि माझं ऐका.

माझा जन्म ठाण्याचा, वागळे इस्टेटमधल्या एका पत्र्याच्या शेडातला. माझे भाऊबंद कोणी निवडणुकीच्या जीपवर चढले, कोणी शाळेच्या कवायतीला गेले. माझ्या नशिबी डोंबिवलीच्या कडेचा, खाडीलगतचा रंगांचा कारखाना आला. भोपाळला वायू सुटून माणसं मेली, त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. रसायनांच्या कारखान्यांत माणसं जरा वास आला तरी दाराकडे बघायची. आमच्याकडे क्लोरीन होता. हवेपेक्षा जड, सुटला की वर जात नाही, जमिनीलगत सरपटत येतो. आणि दुपारचा वारा खाडीवरून सुटायचा तो कारखान्यावरून थेट शेजारच्या आगरी गावात शिरायचा.

मला त्र्यंबक सरांच्या खोलीत खिळ्याला टांगलं. सर सुरक्षा अधिकारी होते. सडपातळ माणूस, चहा अर्धाच प्यायचे आणि घडीघडी खिडकीबाहेर रुमाल धरून वारा कुठला आहे ते बघायचे. मला आधी हसू यायचं. नंतर त्यांची धास्ती मलाही लागली.

कंपनीच्या परदेशातल्या मोठ्या भावंडाकडून इंग्रजी सूचनांचं जाडजूड पुस्तक आलं. ते कामगारांच्या भाषांत करायचं काम उत्तराताईंकडे आलं. त्या ऑफिसात टायपिंग करायच्या, राहायला डोंबिवलीतच, आणि भाषांचा त्यांना नादच होता. त्या शब्दकोश उघडून सरांसमोर बसल्या आणि पहिल्याच पानाला अडल्या.

"सर, एकाच पानावर हरी आहे, रश आहे, डॅश आहे. आणि खाली लिहिलंय, डू नॉट रन. मग माणसाने करायचं काय?"

"भरभर चालायचं, पण पळायचं नाही," सर म्हणाले. "पळालं की धाप लागते, धाप लागली की वायू जास्त आत जातो. आणि एक जण पडला की मागचे सगळे त्याच्या अंगावर."

"शब्दकोशात सगळ्यांना एकच, घाई करणे."

"शब्दकोश लिहिणाऱ्याच्या मागे वायू लागला नव्हता."

उत्तराताईंनी शब्दकोश मिटला आणि नुसत्या बोलत सुटल्या. तरातरा जातो तो रागावलेला असतो. तुरुतुरु जातं ते पोर. लगबग लग्नघरातली, तिच्यात माणूस दहा वेळा मागे वळतो. धूम ठोकतो तो काहीतरी करून पळालेला असतो. आणि ज्याला कुठे पोचायचंय, ज्याला उशीर झालाय पण ज्याची शुद्ध जाग्यावर आहे, तो झपाझप जातो. मराठीपुरता शब्द सापडला.

बाकीच्या भाषांसाठी त्यांनी वेगळीच तऱ्हा काढली. जेवणाच्या सुट्टीत त्या तेलुगू, कानडी, भोजपुरी बोलणाऱ्या कामगारांना अंगणात बोलवायच्या आणि म्हणायच्या, आधी चालून दाखवा, मग त्या चालीला तुमच्या गावी काय म्हणतात ते सांगा. मोठमोठे बाप्ये लाजत लाजत चालायचे. क्लोरीनच्या शेडवरचा काळुराम, शेजारच्याच गावातला, पंच म्हणून उभा राहायचा आणि आगरी बोलीत, ळ चा ल करून, म्हणायचा, "नाय ताई, ह्यो पलला. बाद." त्या दिवसांत मी पहिल्यांदा सरांना हसताना पाहिलं.

कामगारांचं जमलं. प्रश्न गावाचा होता. पुस्तकात लिहिलं होतं की आसपासच्या वस्तीला कर्ण्यावरून इशारा देऊन दूर घालवावं. गाव वायूच्या वाटेतच होतं, त्यांना झपाझप पुरलं नसतं, त्यांच्यासाठी पुस्तकात डॅश होतं. उत्तराताईंनी त्याचं साधं मराठी केलं, धावा. मग एका दुपारी तालीम ठेवली. सर फाटकात उभे राहिले, खटका दाबला आणि माझ्यातून ओरडले, "धावा, सगळे धावा."

गाव धावलं. फावडी, घमेली, पोती घेऊन, धुरळा उडवत, सरळ आमच्या फाटकाकडे धावलं. सगळ्यांच्या पुढे काळुरामची बायको गोदा, काष्टा आवळलेला, खांद्यावर फावडं.

"कुठं फुटला बांद?" ती विचारत होती.

ते गाव खाऱ्या जमिनीचं. भातशेती खाडीच्या पातळीला, मध्ये नुसता मातीचा बांध. उधाणाला बांध फुटला की खारं पाणी शेतात शिरतं आणि जमीन पुढची कित्येक वर्षं वाया जाते. म्हणून ज्याला फूट दिसेल त्याने ओरडायचं आणि गावाने हातातलं टाकून हाकेवर जायचं, ही तिथली रीत. जो जात नाही त्याच्या घरच्या लग्नात कोणी जेवत नाही.

उत्तराताईंनी शब्द बदलला. पुढच्या तालमीला सर ओरडले, "पळा, लांब पळा." गाव आलं. मागच्यापेक्षा लवकर आलं.

"अहो, पळा म्हटलं ना मी?" सर घामाघूम झाले होते.

"बोललाव ना," गोदा म्हणाली. "पला बोललाव म्हंजे कोनतरी पलतंय. त्याला सोरून आमी कशी जावाची? हाक आयली का हाकंवर जावाचा, सायब. कोनाची, कशाला, ते मंग इचाराचा."

गाव हसत हसत परत गेलं. सर खोलीत आले आणि मला खिळ्याला न लावता टेबलावर ठेवून माझ्याकडे बघत राहिले.

"उत्तरा, खरंच सुटला ना, तर ही सगळी माणसं चालत त्याच्यात येतील. माझ्या हाकेने येतील. आणि मी गप्प बसलो तर घरात बसून मरतील."

मला काय वाटलं ते सांगतो. मला माझ्या तोंडाची भीती वाटली. त्या दिवसापर्यंत मी स्वतःला रक्षणाची वस्तू समजत होतो.

उत्तराताईंनी किती शब्द लिहिले आणि खोडले. दूर व्हा. निघून जा. हटा. सटका. त्या रोज नवा शब्द घेऊन यायच्या, काळुरामला विचारायच्या, आणि तो मान हलवायचा. "गाव येनार, ताई. तुमी शिव्या दिल्याव तरी येनार. आत मी असतो ना." सरांचा रुमाल रोज खिडकीबाहेर फडफडायचा, वारा रोज गावाकडेच असायचा. आज ना उद्या वायू सुटणार, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी एका सकाळी उत्तराताई आल्या त्या हात हलवत.

"सर, शब्द बदलून होणार नाही. ते शब्दाकडे जातच नाहीत, आवाजाकडे जातात. मग हाक जिथून येते ती जागाच बदलू या."

गावाच्या दक्षिणेला गावदेवीचं टेकाड होतं. उंचावर, वाऱ्याच्या वाटेपासून बाजूला. वायू तिथे चढला नसता. मला तिथे ठेवायचं ठरलं. आणि हाक मारायला गोदा, कारण तिचं घर टेकाडाच्या पायथ्याशी होतं, आणि तिच्या मागे गाव येतं हे सगळ्यांनी दोनदा पाहिलं होतं.

काळुराम तयार होईना. "तिला नको, सर. ती पयली माझ्याकडं पलल."

सरांनी गोदालाच बोलावलं. "भोंगा झाला की टेकाडावर जायचं आणि गावाला वर बोलवायचं. सगळे येईपर्यंत टेकाड सोडायचं नाही. काळुराम आत असला तरी नाही. जमेल?"

गोदाने मला उचललं, उलटंसुलटं करून पाहिलं, आणि पदराखाली घेऊन निघाली.

पुढची काही वर्षं मी गावदेवीच्या देवळात, घंटेशेजारी होतो. तालमी व्हायच्या. गोदा हाक मारायची, "या रे, वर या," आणि गाव यायचं. हळूहळू माझी तिच्या हाताला सवय झाली. मधूनमधून हळदीच्या मांडवात माझ्यावरून पाहुण्यांना जेवायला बोलावलं जाई, तेही मला आवडायचं. एकदा बायकांनी तिला टोचलं, "गोदे, येवरा गाव बोलावतेस, एकदा घरवाल्याला नावानी बोलाव की." गोदाने मला असं झटकन खाली ठेवलं की माझ्या कडेला पोचा आला. तिथे बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, मग जन्मभर अवो. तो पोचा अजून आहे.

मग ती दुपार आली. नव्वद साल उलटून गेलं होतं. कारखान्याचा भोंगा वाजला, थांबला, पुन्हा वाजला, आणि थांबेचना.

मी देवळातून बघत होतो. गोदा अंगणात सुकट पसरत होती. तिने टोपली टाकली आणि पळाली. टेकाडाकडे नाही, कारखान्याकडे. दुपारची पाळी काळुरामची होती. गाव तिच्या मागे निघालं, फावडी घेऊन. कारखान्याच्या भिंतीवरून हिरवट पिवळं काहीतरी खाली उतरत होतं आणि रस्त्याकडे सरकत होतं. मी खिळ्यावर लटकलेला. मला पाय नाहीत, आणि दुसऱ्याच्या श्वासाशिवाय माझ्यात आवाज नाही. इतकी लाचारी मी कधी भोगली नाही.

वळणावरच्या चिंचेपाशी गोदा थांबली. एकटीच थांबली, माणसं तिला ओलांडून पुढे जायला लागली. ती कारखान्याकडे बघत होती. मग तिने पाठ फिरवली आणि टेकाड चढायला लागली.

मला खिळ्यावरून ओढलं तेव्हा तिचा श्वास इतका लागला होता की पहिल्यांदा माझ्यातून नुसती धापच बाहेर पडली. मग आवाज फुटला.

"हिकरं या. हाक हिकरं हाय. वर या."

रस्त्यावरची माणसं घुटमळली. भोंगा एकीकडून बोलावत होता, गोदा दुसरीकडून. भोंग्याला चेहरा नव्हता. ती बोलवत राहिली, एकेका घराचं नाव घेऊन, म्हाताऱ्याकोताऱ्यांची नावं घेऊन, आणि माणसं वळली. मागे वायू चिंचेपर्यंत आला होता. मग फाटकातून कामगार आले, ओले रुमाल नाकाला लावून, शिकवल्यासारखे झपाझप, कोणी पळत नव्हतं. सगळ्यात शेवटी त्र्यंबक सर आले. त्यांनी गोदाकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"काळुराम?" कोणीतरी विचारलं.

"व्हॉल्व्ह बंद करायला मागे फिरला. आत काही दिसत नाही. मास्कवाले कल्याणहून निघालेत," सर म्हणाले.

गोदाने मला पुन्हा तोंडाशी धरलं.

"अवो," ती ओरडली. "अवो, हिकरं या."

काही नाही. पुन्हा ओरडली. सगळं गाव पिवळ्या धुराकडे बघत होतं. माझे सेल उतरत चालले होते, मला ते कळत होतं, तिला नव्हतं. तिने एकदा देवळाकडे पाहिलं, एकदा आजूबाजूच्या बायकांकडे, आणि मग माझा खटका असा दाबला की तो पिचला.

"काळुराम," ती म्हणाली. "काळुराम, मी गोदा. पलू नको. आवाजाकरं ये. झपाझप ये, काळुराम."

बायकांनी खाली पाहिलं. ती थांबली नाही. एकदा पदर तोंडाला लावला, पुन्हा नाव. माझा आवाज बारीक होत गेला, तिचा वाढत गेला, आणि शेवटी माझ्यातून काहीच जात नव्हतं तरी ती हाक मारत होती.

तो आला. भिंतीच्या दक्षिणेच्या टोकाकडून, हात पुढे करून, डोळे मिटलेले, चालत आला. पळाला नाही. माणसं खाली उतरली आणि त्याला वर घेऊन आली.

व्हॉल्व्ह बंद झाला होता. काळुराम पुढे बरेच दिवस इस्पितळात होता. भेटायला गेलेल्या उत्तराताईंना त्याने सांगितलं, "डोलं गेलं, दिशा समजना. अवो ऐकला, पन अवो कोनाचाबी असतो. मंग माझा नाव ऐकला. तिच्या तोंडून."

आता ते दशकही सरत आलंय. कारखान्याला टाळं लागलंय. खाऱ्या शेतांवर भराव पडला, बिल्डिंगा आल्या, बांध थोडासाच उरलाय. त्र्यंबक सर निवृत्त होऊन कल्याणला राहतात. उत्तराताई कधीमधी येतात, मला हातात घेतात आणि परत ठेवतात. पलीकडच्या नव्या कारखान्याने टेप लावलेला भोंगा बसवलाय. त्यात एक मुलगी अगदी स्वच्छ उच्चारात, तीन भाषांत, त्वरित बाहेर पडा म्हणते. ती मुलगी कुठे उभी आहे ते कोणालाच कळत नाही. माझं मागणं तेवढंच आहे. माणसांना घाई करायला सांगायची असेल तर शब्द जरूर चांगले शोधा, पण हाक मारणाऱ्याला आधी सुखरूप जागी उभं करा आणि तो माणूस त्यांच्या ओळखीचा असू द्या.

मी आता गोदाच्या ओटीवर असतो. आत राहिलेले सेल पाझरले आणि माझं पोट गंजलं. काळुरामला फार धूसर दिसतं. संध्याकाळी तो उरलेल्या बांधावर जाऊन बसतो. भाकऱ्या झाल्या की गोदा मला खिळ्यावरून काढते. सेलांशिवाय माझा काही उपयोग नाही, तिलाही ठाऊक आहे.

"अवो," ती हाक मारते.

त्याची मान जराशी वळते. मला दिसतं. पण तो उठत नाही.

"अवो, जेवाला या."

उठत नाही. मग ती बिल्डिंगच्या गॅलऱ्यांकडे बघते, कोणी उभं नाही ना, आणि माझ्या आड तोंड लपवून हळूच त्याचं नाव घेते. तेव्हा तो उठतो, लुंगी झटकतो आणि आवाजाच्या रोखाने सावकाश चालत घरी येतो.