फुलदाणीखालची पेटी

मी एक जुनी पेटी आहे. भजनाला वाजते ती पेटी. मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट गोड आवाजात सांगतात असं तुम्हाला वाटत असेल. माझे काही सूर मुके आहेत आणि मी रागात आहे. तरी ऐका.

माझं अंग सागवानाचं आहे. कारागिराने माझ्या पोटात पितळेच्या बारीक जिभा एकेक करून बसवल्या. त्यांनाच सूर म्हणतात. भात्याची हवा त्यांच्यावरून गेली की त्या थरथरतात आणि आवाज निघतो. एका हाताने भाता मारायचा, दुसऱ्या हाताने पट्ट्या दाबायच्या. मला वाजवायला माणसाचे दोन्ही हात लागतात.

ते हात दत्तात्रेयबुवांचे होते. बुवा पेणच्या खाडीकडच्या गावातले. दिवसा मिठागरात खाऱ्या पाण्यात उभं राहून मीठ ओढायचं आणि संध्याकाळी आंघोळ करून माझ्यासमोर बसायचं, असं त्यांचं आयुष्य होतं. गणपतीत आम्ही घरोघर फिरायचो. एका घरचं भजन संपायच्या आत दुसऱ्या घरचं माणूस मला उचलायला दारात उभं असायचं. बुवा उंच सुरात गात. लोक म्हणत, "बुवांची पेटी बोलते." मला ते आवडायचं. नाही कशाला म्हणू?

मग बुवांची बोटं सुजायला लागली. सकाळी उठले की मूठ वळायची नाही. चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरावा लागायचा. डॉक्टरांनी संधिवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाले, हाताला आराम द्या. डॉक्टरांचं एक वेळ ठीक आहे. पण नंतर जो भेटेल तो तेच सांगू लागला. वांगं खाऊ नका. आंबट सोडा. वय झालं आता, पेटी सोडा. ज्यांची बोटं नीट वळत होती, ते सगळे सांगत होते. पेटी सोडल्यावर बुवांनी संध्याकाळी काय करायचं, हे मात्र एकानेही सांगितलं नाही.

त्यांची बायको सगुणा काही सांगत बसली नाही. तिने मीठ तव्यावर गरम केलं, फडक्यात बांधलं आणि बुवांची बोटं शेकली. रोज भजनाआधी ती शेकायची, मग बोटं थोडा वेळ चालायची. शेकून झालं की ती पुरचुंडी हाताशी असावी म्हणून माझ्याच झाकणावर ठेवायची. पावसाळ्यात त्या मिठाला पाणी सुटलं. ते फटीतून माझ्या पोटात उतरलं आणि पितळेवर हिरवा थर चढला.

पेणला दिनानाथ म्हणून पेटी दुरुस्त करणारे आहेत. त्यांनी मला उघडलं आणि कपाळाला हात लावला.

"पेटीवर मीठ ठेवलंत? तुम्ही मिठागरवाले ना? मीठ लोखंड खातं, ते पितळ सोडील?"

"आमच्या घरात मिठाबिगर दुसरं हाय काय ठेवाया?" सगुणा म्हणाली. "आनि ह्यांची बोटं चालली ना. तुमच्या पितलाचं काय ते तुमी बगा."

मला राग आला होता, पण तिच्यावर नाही. ज्या घरात मिठावरच सगळ्यांची पोटं भरली, त्या घरात मिठाला कोण भिणार? दिनानाथांनी बरेच सूर घासून वाचवले. वरचे चार गेले ते गेलेच.

पुढे बुवांचं डावं मनगटही गेलं. भाता मारता येईना. तेव्हा सगुणा माझ्या मागे येऊन बसली आणि तिने भाता हातात घेतला. आता बुवांची दोन्ही हातांची बोटं पट्ट्यांवर मोकळी झाली. जे बोट दुखेल ते वगळायचं, दुसऱ्या हाताचं पुढे करायचं. बुवा कुठे श्वास घेणार हे तिला पाठ होतं, तिथे ती भाता हलका सोडायची. तिच्याइतका चांगला भाता मला कोणी मारला नाही.

गावच्या भजनी मंडळात बाई पेटीशी बसायची पद्धत नव्हती. मंडळाचे पुढारी पुंडलिक म्हणाले, "वयनी, उद्या टाळ पन तुमच्याच हातात देतो."

"टाळ तुमालाच र्‍हाऊ दे भावजी," सगुणा म्हणाली. "तो चुकला तरी कोनाला कलत नाय."

सगळे हसले. पुंडलिक हसले नाहीत.

गेल्या वर्षी सगुणा गेली. ताप आला, न्यूमोनिया झाला, आठवड्यात संपलं. मी याबद्दल जास्त सांगणार नाही. माझा भाता हुकाला अडकवलेला राहिला.

मंडळाने काय केलं ऐका. बुवांचा सत्कार ठेवला. देवळात खुर्ची मांडली, खांद्यावर शाल टाकली, हातात नारळ दिला. बुवांना तो धरता येईना, निसटून पायरीवरून गडगडत गेला. लोक हसले, तेही प्रेमाने. मग पुंडलिक माईकवर म्हणाले, बुवांनी खूप केलं, आता त्यांनी समोर बसून ऐकावं, यापुढे आदर्श कीबोर्ड वाजवील. आदर्श पुंडलिकांचा पुतण्या. पोरगा वाईट नाही, पण बुवांना आधी कोणी विचारलं होतं? मित्रांनो, भर सभेत गौरव चालू असताना माणसाला नको म्हणता येत नाही. हे त्यांना माहीत होतं.

त्यानंतर मुलगा अमोल बुवांना आणि मला रोह्याजवळच्या वरसे गावी, आपल्या घरी घेऊन आला. अमोल रोह्याला कंपनीत शिफ्टला जातो. त्याने मला टीव्हीशेजारी ठेवलं, वर रुमाल घातला, रुमालावर प्लास्टिकच्या फुलांची फुलदाणी ठेवली. पाहुणे म्हणायचे, "छान दिसते." मी छान दिसण्यासाठी जन्मले नव्हते. बुवांनाही सोफ्यावर तसंच बसवलं होतं.

सगुणाचं वर्षश्राद्ध जवळ आलं. गावच्या घरी भजन ठरलं. बुवा म्हणाले, "मी वाजवनार."

"बाबा, मंडळाला सांगितलंय मी. त्यांचा कीबोर्ड आहे. तुम्ही बसा आरामात."

"तुज्या आयशीच्या वर्साला मी आरामात बसू?"

"लोक काय म्हणतील? म्हातार्‍याला आजारात पण सोडत नाहीत. आणि मधेच बोटं अडकली तर? सगळ्यांसमोर?"

"अडकली तर अडकली. माजी बायको होती ती."

बुवांचा आवाज चढला होता. स्वयंपाकघरातून सून ऋतुजा बाहेर आली. तिने कुणाची बाजू घेतली नाही. फक्त विचारलं, "बाबा, कुठली बोटं चालतात?"

वर्षभरात हे कोणी विचारलं नव्हतं. बुवांनी दोन्ही हात पुढे केले. उजव्याची दोन, डाव्याची दोन, आणि डावा अंगठा कधी असतो कधी नसतो. ऋतुजाने फुलदाणी खाली ठेवली, रुमाल काढला आणि माझा हूक सोडला.

ती भाता मारू लागली, पण कशी? सायकलमध्ये हवा भरावी तशी. माझा दम कोंडला.

"आगो, भाता हाय तो, पंप नाय," बुवा ओरडले. "ती असं नाय करायची."

"मी त्या नाही, बाबा," ऋतुजा म्हणाली. "माझ्याशी जसं जमेल तसं वाजवा."

बुवा उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आपणहून येऊन बसले. त्यांनी गाण्याचा सूरच बदलला. पूर्वीचा उंच सूर सोडून बराच खाली आणला, म्हणजे माझ्या मेलेल्या सुरांना हात लागत नव्हता आणि त्यांच्याही गळ्याला त्रास नव्हता. पूर्वीच्या भराभर हरकती गाळल्या. एका जागी नीट थांबायचं आणि मग पुढच्या जागी जायचं. शिव्याही भरपूर घातल्या. बोटांना, मला, एकदा देवालाही.

वर्षश्राद्धाला ऋतुजा मला मांडीवर घेऊन गाडीत बसली. हायवेवर खांब गावाच्या पुढे खड्ड्यांत तिने मला दोन्ही हातांनी धरलं होतं. अमोल गाडी चालवत होता.

दुपारी जेवणं उरकली आणि मंडळ बसलं. आदर्शने कीबोर्ड लावला. बुवा मला घेऊन त्याच्या शेजारी बसले, माझ्या मागे भात्याशी ऋतुजा. बुवांनी सूर दिला.

"एवढ्या खाली कोन गानार, बुवा?" पुंडलिक म्हणाले.

"ज्याला वर जमत नाय तो."

बुवांनी सुरू केलं. दोनदा बोट अडकलं आणि दोनदा ते थांबले. लोकांना थांबावं लागलं. तिसऱ्या कडव्याला भिंतीकडून आवाज यायला लागले. गावातले म्हातारे होते ते, ज्यांनी उंच सूर झेपत नाही म्हणून कधीच गाणं सोडलं होतं. सगुणाच्या बरोबरीच्या बायकाही गायल्या. आदर्शने कीबोर्ड बंद केला आणि टाळ घेतला.

संपल्यावर बुवा पुंडलिकांना म्हणाले, "आता गुरुवारच्या भजनाला येतो. रोह्यावरनं यायचं हाय, उशीर झाला तर थांबा." विचारलं नाही, सांगितलं.

मित्रांनो, बोटं बरी झाली असं समजू नका. दुसऱ्या दिवशी बुवांना सदऱ्याची बटणं लावता येत नव्हती. अमोल म्हणाला, "बघा, मी सांगत होतो." बुवा म्हणाले, "दुखतंय मला. तू नको थांबवू." अमोलने खाली बसून एकेक बटण लावलं.

माझा राग अजून गेलेला नाही. तुमच्या घरी अशी एखादी वस्तू असेल, असं एखादं माणूस असेल, तर त्याला झाकून ठेवून जपलं असं म्हणू नका. हात दुखतात म्हणून थांबायचं की नाही, हे ज्याचे हात आहेत त्याला ठरवू द्या. तुम्ही भाता मारा.