रिकाम्या स्टुलावरचा चौकोन

मी एक जुना कॅमेरा आहे, मित्रांनो. वाशीमच्या बाजारातल्या फुलचंदच्या स्टुडिओत, कपाटाच्या खालच्या फळीवर माझा मुक्काम. भिंग काढून दुसरं लावता येईल असा माझा घाट, पण सेन्सर लहान. सेन्सर म्हणजे पोटातली प्रकाश झेलणारी चिप. माझी जेमतेम अंगठ्याच्या नखाएवढी.

नवा होतो तेव्हा माझा काय तोरा होता! हलका म्हणून फुलचंद मला दिवसभर गळ्यात घालून लग्नांचे फोटो काढायचा. माझी एक खोड होती. समोर चेहरा दिसला की पडद्यावर त्याच्याभोवती पांढरा चौकोन आखायचा आणि तोच चेहरा स्पष्ट टिपायचा.

एकदा अनसिंग गावच्या पोळ्यात एका बड्या शेतकऱ्याच्या बैलजोडीचे फोटो काढायचे होते. मागे गावातले दौलतराव उभे होते. हे गृहस्थ फोटोच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. "कॅमेऱ्याचा डोया माणसाची उमर खाते," म्हणायचे. त्या दिवशी मात्र बैलाच्या वशिंडावरून त्यांनी सरळ माझ्याकडे पाहिलं. मी बैल सोडला आणि त्यांना धरलं. बैल धूसर आला, म्हणून तो फोटो कुणी घेतला नाही. पुढे थोड्याच दिवसांत दौलतराव वारले. मी कुणाची उमर खाल्ली नाही. तो आरोप मला मुळीच मान्य नाही.

मग मोठ्या सेन्सरचा कॅमेरा आला. गिऱ्हाइकं तोच मागू लागली, उरलेली मोबाइलवर खूश. "लहान सेन्सरचं आता काई खरं नाई," म्हणत फुलचंदनं माझी बॅटरी काढली. कार्ड पोटातच राहिलं. कपाटातल्या अंधारात मला फार वाईट वाटायचं.

यंदा दौलतरावांच्या नातीचं, राखीचं लग्न ठरलं. मांडवात घरातल्या वारलेल्या माणसाचा फोटो ठेवतात आणि नवरी आधी त्याच्या पाया पडते. दौलतरावांचा तर घरात एकही फोटो नव्हता. त्यांची बायको तुळसाबाई स्टुडिओत आल्या. अशा वेळी फुलचंदचा उपाय ठरलेला असायचा: वारलेल्याच्या भावाचा चेहरा घ्यायचा, जरा म्हातारा करायचा आणि अंगात कोट चढवायचा. असे कितीतरी कोटवाले घरोघरी हार घालून टांगलेले आहेत. स्टुडिओच्या भिंतीवर त्यांचे नमुनेही होते.

तुळसाबाईंनी तसाच तयार केलेला दौलतरावांचा फोटो पाहिला.

"हा त माहा देर हाये, फुलचंद. थो जित्ता हाये. जित्या माणसाले हार घालू काय?"

"कोनाले समजते आजी? भाऊ-भाऊ सारखेच दिसतात."

"मले समजते. राखी कोनाच्या पाया पडन मंग?"

त्या तिथंच बसून राहिल्या. डोळ्याला पदर लागला.

फुलचंद ओशाळला. हाताला काहीतरी चाळा हवा म्हणून त्यानं मला बाहेर काढलं. नाहीतरी मला भंगारात द्यायचं होतं, चालतो का पाहावं म्हणून बॅटरी घातली आणि मला तुळसाबाईंकडे रोखलं. मी त्यांच्या चेहऱ्यावर चौकोन आखला. दुसरा चौकोन शेजारच्या स्टुलावर उमटला.

स्टुलावर कोणीच नव्हतं.

फुलचंदनं भिंग पुसलं. मग भिंगच बदललं. चौकोन हलला नाही. घाईत त्याचा अंगठा भलत्याच बटणावर पडला आणि पडद्यावर कार्डात उरलेला पोळ्याचा फोटो आला: धूसर बैल आणि त्यामागे लख्ख दौलतराव.

तुळसाबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा. आले."

लग्नाला फुलचंदनं मलाच नेलं. राखी आजोबांच्या त्याच फोटोच्या पाया पडली तेव्हा मी खूप सुखावलो. त्या स्टुलावर पुन्हा चौकोन दिसला नाही.

पण परवा दुकान आवरताना त्यानं मला सहज गिऱ्हाइकांच्या रिकाम्या बाकाकडे रोखलं. एक चौकोन उमटला. मग दुसरा. मग बाक भरला आणि बाकामागेही दाटी झाली.

"कोन हाये?" फुलचंदनं हळूच विचारलं. मग त्याची नजर भिंतीवरच्या कोटवाल्यांकडे गेली.

मित्रांनो, माझं पुढं काय होईल ते मला ठाऊक नाही. पण घरातला जुना कॅमेरा टाकण्याआधी एकदा त्याच्यात बॅटरी घाला आणि पोटातले फोटो पाहा. आपला खरा चेहरा कधी सापडतो, याची वाट पाहत कुणीतरी तुमच्या शेजारी बसलेलं असेल.