दिवेलागणीची दुसरी चावी

ठाकुर्लीच्या त्या चाळीच्या आवारात रविवारी सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध एक काळी मोटरसायकल उभी, हँडलला झेंडूचा हार, टाकीवर हळदकुंकू. शेजारी प्लास्टिकच्या खुर्चीवर तेजोनाथ महाराज. महाराजांची बैठक एरवी ठाण्याच्या वर्तकनगरात भरे, पण मुलगा गमावलेल्या रंगूबाईंसाठी ते खास इथवर येत. हा त्यांचा तिसरा रविवार होता.

"आत्मा म्हणजे काय?" महाराजांनी विचारलं. आणि लगेच त्यांनीच सांगितलं. "आत्मा म्हणजे करंट! देह जळला, पण करंट कसा जळेल? तो आपल्या आवडत्या वस्तूत जाऊन बसतो. सायन्ससुद्धा आता हेच म्हणतंय!"

कुठलं सायन्स, कोण म्हणतंय, हे विचारायला भिवाची जीभ शिवशिवली. भिवा बॅटरीवाला. स्टेशनजवळच्या टपरीवजा दुकानात त्याची तीस वर्षं ॲसिडनं बोटं जाळून घेण्यात गेली होती. या गाडीतली बॅटरीही त्यानंच बसवलेली, चार महिन्यांपूर्वी. तेव्हा गाडीचा मालक मयूर जिवंत होता.

महाराजांनी डोळे मिटले, गाडीवरून लिंबू उतरवलं, चिमूटभर राख फुंकली आणि एकदम ओरडले, "मयूर, बेटा, मी आलोय! आईला हाक मार!"

चेल्यानं चावी फिरवून बटण दाबलं. हॉर्न असा ठणठणीत वाजला की पुढे बसलेल्या बाया दचकल्या. आठवडाभर रोज सकाळी मरून पडणारी गाडी होती ती! रंगूबाईंनी पदरात तोंड लपवलं.

"उद्या सकाळी बॅटरी पुन्हा थंड असेल," महाराज म्हणाले. "पोरगा येणार, करंट पिणार. लिहून घ्या!"

लिहून घ्यायची गरजच नव्हती. गेले दोन सोमवार अगदी तसंच झालं होतं.

"पण त्याला गती का मिळत नाही?" महाराजांची नजर गर्दीवरून फिरत मागे उभ्या असलेल्या कल्पितावर थांबली. "कारण त्याच्या गाडीवर रोज दुसरं माणूस बसतंय. सून माहेरी गेली पाहिजे. गाडी मठात आली पाहिजे. पुढच्या रविवारी मी टेम्पो घेऊन येतो. नाहीतर तुमचा मुलगा असाच तहानलेला फिरत राहील, रंगूबाई."

कल्पिता मयूरची बायको. मयूर श्रावणात डेंग्यूनं आठ दिवसांत गेला, चौतिसाव्या वर्षी. ती डोंबिवलीच्या एका लॅबसाठी सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करी आणि संध्याकाळी त्याच लॅबच्या ठाकुर्लीतल्या काउंटरवर चालत जाऊन बसे. पहाटे साडेपाचला गाडी बटणानं चालू झाली नाही, की ती ढकलून चालू करेपर्यंत शुगरची म्हातारी माणसं उपाशीपोटी तिची वाट बघत बसत. लॅबवाल्यानं दोनदा दम दिला होता. माहेर म्हणायला भावाच्या दोन खोल्या होत्या, आणि तिथं तिला कोणी बोलावलेलं नव्हतं. त्या सकाळी तिच्या हातातली रुमालाची घडी पार चुरगळून गेली होती.

सोमवारी ती गाडी ढकलतच भिवाच्या दुकानात घेऊन आली.

"काका, खरं सांगा, बॅटरी डुप्लिकेट आहे का?"

भिवाला हे झोंबलं. "अगं, मयूरला डुप्लिकेट देईन मी? ठेव गाडी इथे दोन दिवस."

त्यानं बॅटरी काढून रात्रभर चार्जिंगला लावली आणि नंतर दिवसभर नुसती ठेवून दिली. मीटरचा काटा तसूभर हलला नाही. मग ती गाडीत घालून इंजिन चालू केलं. चार्जिंग व्यवस्थित होत होतं. चावी काढून कुठून करंट गळतोय का तेही पाहिलं. एक थेंब गळत नव्हता. बॅटरी धडधाकट, वायरिंग धडधाकट, आणि तरी घरी नेली की सकाळी ती मरणार! भिवानं डोकं खाजवलं.

बुधवारी दुपारी रंगूबाई स्वतः दुकानात आल्या. एवढ्या उन्हात, चालत.

"भिवाभाऊ, गाडी कधी देताय?"

"उद्या सकाळी देतो की. कल्पिताला सकाळीच तर लागते."

"नको नको, संध्याकाळच्या आत द्या. दोन दिवस झाले..." वाक्य अर्धंच टाकून त्या वळून चालू लागल्या.

त्या गेल्यावर भिवा हातातला पाना तसाच धरून उभा राहिला. गाडी सुनेला सकाळी लागते. मग संध्याकाळची घाई कोणाला आणि कशाला?

गुरुवारी सकाळी त्यानं गाडी परत दिली, आणि दिवेलागणीच्या सुमाराला तो चाळीत गेला. कल्पिता काउंटरवर गेलेली. गाडी जिन्याखालच्या अंधारात, कव्हर घालून. भिवा पलीकडच्या ओट्यावर बसला. घरोघर दिवे लागले, कोणाच्या तरी टीव्हीवर बातम्या सुरू झाल्या, आणि हातात निरांजन घेऊन रंगूबाई खाली आल्या.

त्यांनी कव्हर उचललं. गाडीला ओवाळलं. मग कमरेच्या बटव्यातून चावी काढली, मयूरची चावी, जी त्याच्या आजारपणात कुठं तरी हरवली असं कल्पिता समजत होती, आणि ती फिरवली. पुढे छोटा दिवा लागला, मागे लाल. रंगूबाई जिन्याच्या पायरीवर टेकल्या.

"आलास का रे?" त्या दिव्याशी बोलत होत्या. "आज शेवग्याच्या शेंगांची आमटी केलीय. तुझ्या बायकोला काही ती आवडत नाही. तूच खायचास."

चोर सापडला म्हणून भिवा ओरडणार होता. पण त्याला मयूरचा हॉर्न आठवला. मयूर कामावरून आला की याच जिन्याखाली गाडी लावायचा आणि हॉर्नचा एक टोला देऊन आईला वर कळवायचा, हे साऱ्या चाळीला माहीत होतं.

"रंगूबाई," तो जवळ जाऊन हळूच म्हणाला.

त्यांनी पटकन पदर दिव्यावर धरला. "तुम्ही बघितलंत? अरे देवा, आता येणार नाही हो तो!"

"कोण म्हणालं असं?"

"महाराज म्हणाले. मीच त्यांना सांगितलेलं, मी संध्याकाळी त्याच्या गाडीचा दिवा लावते म्हणून. ते म्हणाले, रोज दोन तास लावा, कोणाला सांगू नका, सुनेला तर मुळीच नाही. सकाळी गाडी थंड असली की समजायचं, येऊन गेला."

"आणि शनिवारी?"

"शनिवारी लावायचा नाही. त्या दिवशी तो त्यांच्याकडे जातो ना. रविवारी ते त्याला घेऊन येतात."

भिवाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. शनिवारी दिवा नाही, म्हणून रविवारी हॉर्न ठणठणीत. रविवारी दिवा, म्हणून सोमवारी गाडी मेलेली. त्या माणसानं बॅटरीला हातही लावला नव्हता. आईच्याच हातानं त्यानं सगळं करून घेतलं होतं.

"बाई, या दिव्यानंच बॅटरी संपते," तो म्हणाला. "गाडी धावते तेव्हा इंजिन बॅटरीला भरत राहतं. इंजिन बंद असताना दिवा लावला, की बॅटरी नुसती देत राहते. तिला परत काही मिळत नाही. दोन तासांत रिकामी."

"दिव्यानं कशी संपेल? घरातला बल्ब रात्रभर जळतो, तो संपतो का?"

"त्याला बाहेरून तार आलीय. हिच्या मागं कोणी नाही."

रंगूबाई ऐकत होत्या की नव्हत्या, कळत नव्हतं. भिवानं चावी फिरवून दिवा बंद केला. "आजची एक रात्र पुन्हा लावू नका. एवढंच करा. लेक येत असेल तर अंधारातही येईल. आईचं दार सापडायला त्याला दिवा कशाला हवा?"

त्यांनी चावी काढून बटव्यात ठेवली. मग म्हणाल्या, "आणि सकाळी गाडी चालू झाली तर? मी काय समजायचं, भिवाभाऊ?"

आयुष्यभर बुवाबाजांची खिल्ली उडवणाऱ्या भिवाला त्या क्षणी पहिल्यांदा वाटलं, आपण इथे आलो नसतो तर बरं झालं असतं. "खरं ते समजायचं," एवढंच तो म्हणाला.

शुक्रवारी पहाटे कल्पितानं नमुन्यांची पेटी मागं बांधली, देवाचं नाव घेतलं आणि बटण दाबलं. गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली. महिनाभरात पहिल्यांदाच ती हसली. हसतच वर बघितलं, तर जिन्यात सासूबाई उभ्या.

रंगूबाई तिथंच खाली बसल्या. अंत्ययात्रेच्या दिवशी रडल्या नव्हत्या तशा त्या रडल्या. "गेला गं. माझा मयूर खरंच गेला."

कल्पिताला आधी काही उमगेना. मग सासूच्या मुठीतली मयूरची चावी दिसली, आणि त्यांच्या तुटक बोलण्यातून हळूहळू सगळं कळलं. गाडी तशीच चालू ठेवून ती सासूच्या शेजारी जाऊन बसली. त्या दिवशी गाडी ठणठणीत असूनही तिला उशीरच झाला.

रविवारी महाराज ठरल्याप्रमाणे टेम्पो घेऊन आले. गर्दी गेल्या खेपेपेक्षा मोठी. लिंबू उतरलं, राख उडाली. "मयूर, बेटा, निघायची वेळ झाली! आईला शेवटची हाक मार!"

चेल्यानं बटण दाबलं. नुसतं टक् झालं. पुन्हा दाबलं. तेवढंही झालं नाही.

"कोणीतरी विटाळ केलाय!" महाराज गरजले. "या बाईनं..."

"माझ्या सुनेकडे बोट करू नका." रंगूबाई पुढे आल्या. "काल शनिवार होता. तुम्ही दिवा लावू नका म्हणालेलात. मी लावला, चांगला तीन तास. म्हणून नाही वाजला हॉर्न." त्यांनी चावी वर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. "मी दिवा लावते हे या घरातही कोणाला माहीत नव्हतं. तुम्हाला एकट्याला माहीत होतं, महाराज."

भिवानं आणलेली भरलेली बॅटरी जोडली. हॉर्न वाजला. ना लिंबू, ना राख, ना मयूरला हाक.

"काका, म्हणजे तीन आठवडे आपण दिवा लावून संपवलेल्या बॅटरीला हात जोडत होतो?" चाळीचा सेक्रेटरी मारुती भिवाला म्हणाला. कोणी हसलं नाही.

महाराज म्हणाले, "श्रद्धेत असं..."

"मला सांगायचं होतंत ना, तो आता येत नाही म्हणून," रंगूबाई म्हणाल्या. "मी रडून घेतलं असतं. तुम्ही मला रडूसुद्धा दिलं नाहीत. आणि पोटच्या पोरीसारखी सून घालवायला निघाले होते मी."

टेम्पो रिकामाच परत गेला. मारुतीनं पोलिसांत तक्रार द्यायचं ठरवलं, आणि सहीसाठी पहिलं नाव रंगूबाईंचं लागलं.

वाचकहो, रंगूबाई मूर्ख नव्हत्या. माणूस गेलेल्या घरात शहाण्यासुरत्यालाही "तो येतो" हे ऐकायचं असतं, आणि नेमक्या त्याच वेळी हे बुवा दार ठोठावतात. अशा वेळी "हे कशानं होतं?" एवढंच विचारा. आणि कोणी तुम्हाला "कोणाला सांगू नका" म्हणालं, तर सगळ्यात आधी घरातल्या माणसाला सांगा. रंगूबाईंनी कल्पिताला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं, तर दोघींनी मिळून रडून घेतलं असतं.

आता दिवेलागणीला निरांजन मयूरच्या फोटोपुढं लागतं. दुसरी चावी कल्पिताच्या चाव्यांच्या कडीत गेली. जिन्याखाली गाडी कव्हर घालून अंधारात उभी असते, आणि रंगूबाई तिकडे बघायचं टाळतात. पण रात्री नऊच्या सुमाराला जिन्यात पावलं वाजली, की सवयीनं त्यांच्या तोंडून निघतं, "आलीस का गं?"

"आले, आई," खालून उत्तर येतं.