सलग रेघ

ऑफिसात त्यांना सगळे रेघवाले म्हणत. त्यात जितकी चेष्टा होती तितकाच मानही होता. सव्वीस वर्षं त्यांनी एकच काम केलं होतं. उपग्रहाच्या फोटोंवरून ध्रुवाकडच्या समुद्राचा नकाशा करायचा आणि पाणी संपून बर्फ जिथे सुरू होतो तिथे रेघ ओढायची. त्या रेघेच्या भरवशावर जहाजं चालत. ऐकायला हे सोपं वाटतं, पण एकदा करून बघा.

रेघ दोन प्रकारची असे. डोळ्यांनी दिसलं तिथे सलग, आणि ढगांमुळे अंदाज करावा लागला तिथे तुटक. नियम एवढाच. सलग रेघ म्हणजे काढणाऱ्याचा शब्द, असं ऑफिसात आणि जहाजांवरही मानलं जाई.

एके काळी रेघवाल्यांना हा नियम पोरखेळ वाटे. पार दक्षिणेकडच्या एका खाडीतला बर्फ तर ते डोळे झाकून काढत. उन्हाळा असो की हिवाळा, तो किनाऱ्याला चिकटून बसलेला. वीस वर्षं जागचा हलला नव्हता. गेल्या सहा वर्षांत मात्र त्याचं काही खरं राहिलं नव्हतं. एका वर्षी अर्धा फुटून वाहून गेला, पुढच्या वर्षी परत धरला, त्याच्या पुढच्या वर्षी भलत्याच आठवड्यात तिथे उघडं पाणी. मॅडम, म्हणजे त्यांच्याहून वयानं बऱ्याच लहान वरिष्ठ, सांगत की समुद्र तापतोय काका, जुने हिशेब विसरा. रेघवाले मान डोलवत आणि मनातल्या मनात त्या बर्फावर चिडत, जसं घरातलं माणूस विचित्र वागायला लागलं की चिडतात तसं.

त्या खाडीच्या काठावर चार माणसांची छावणी होती आणि त्या चौघांत त्यांची एकुलती एक मुलगी होती. किनाऱ्यामागे जमिनीवर बर्फाचा मैलोन् मैल जाड थर पसरलेला आहे. तो समुद्राकडे किती सरकतो, हे ती खांब रोवून मोजत होती. तिला जाऊन दीड वर्ष झालं होतं. ती गेल्यावर चौथ्या महिन्यात तिची आई वारली. मुलीला येता आलं नाही, कारण तिथून यायची सोयच नव्हती. तेव्हापासून रेघवाले सकाळी एकट्यापुरतं शिजवत आणि संध्याकाळी तेच गरम करून खात. रविवारी कोणाशी बोलणंच होत नसे, त्यामुळे सोमवारी पहिला शब्द बोलताना घसा साफ करावा लागे. घर त्यांना खायला उठे. याबद्दल ते कुणापाशी अवाक्षर काढत नसत.

आता तिला आणायला जहाज निघालं होतं. ते बर्फाच्या कडेशी थांबणार आणि चौघांनी अकरा किलोमीटर बर्फावरून चालत येऊन ते गाठायचं, असं ठरलं होतं. पण नकाशात खाडीची रेघ सलग असेल तरच. तुटक असेल तर कोणी बर्फावर पाय ठेवायचा नाही. जहाजालाही वाट बघत बसता येणार नव्हतं, मागचा समुद्र गोठायच्या आत परत फिरणं भाग होतं. ही फेरी हुकली तर पुढची नऊ महिन्यांनी.

सोमवारी दुपारी ते नकाशा करायला बसले, तर खाडीवर ढगच ढग. ढगांतून आरपार बघणारा उपग्रह तिथे गुरुवारी पोचणार होता. शनिवारच्या फोटोत बर्फ नीट होता. दोन दिवसांत असं काय होणार आहे, त्यांनी स्वतःला विचारलं. मुलीची खोली त्यांनी आदल्याच दिवशी झाडून-पुसून ठेवली होती, पलंगावर धुतलेली चादर घातली होती. हात तुटक रेघेकडे गेला, थबकला, आणि त्यांनी रेघ सलग ओढली. सही करून नकाशा पाठवला. त्या रात्री त्यांना छान झोप लागली, आणि ती झोप पुढे त्यांनी स्वतःला कधी माफ केली नाही.

मंगळवारी सकाळी जहाजाचा निरोप येऊन पडला होता. कडेपाशी पोचलो आहोत, इथला बर्फ भक्कम आहे, आतल्या बाजूला धुकं असल्यानं काही दिसत नाही, चौघंजण दोन तासांनी छावणीतून निघतील. खाली कप्तानानं आपुलकीनं लिहिलं होतं की सलग रेघ रेघवाल्यांची आहे, म्हणजे काळजी नाही.

गप्प बसलं तर संध्याकाळपर्यंत पोरगी जहाजावर असेल, आणि शंभरातल्या नव्वद वेळा काही होणारही नाही. उरलेल्या दहांचा विचार करत ते पंधरा मिनिटं खुर्चीत बसून राहिले. मग उठून मॅडमच्या खोलीत गेले.

"कालची खाडीची रेघ मी न बघता काढली," ते म्हणाले. "ती तुटक हवी होती."

मॅडमनी हातातलं काम बाजूला ठेवलं. "काका, तुमची मुलगी तिथे आहे ना?"

"म्हणूनच."

बर्फ फुटल्याचं काही दिसलंय का, असं मॅडमनी विचारलं. नाही, काहीच दिसलेलं नाही, असं त्यांनी सांगितलं. मग आता जहाजाला फोन केला तर ती नऊ महिने तिथेच राहील, हे कळतंय ना, असंही मॅडमनी विचारलं. ते म्हणाले, लावा फोन.

जहाज त्याच दिवशी परत फिरलं. मॅडम रागावल्या नाहीत, पण नकाशावर सही करायचं काम रेघवाल्यांकडून गेलं. ते योग्यच झालं, असं त्यांनाही वाटलं.

गुरुवारी उपग्रहाचा फोटो आला. खाडीतला बर्फ किनाऱ्यापासून कडेपर्यंत जिथल्या तिथे होता. चौघं हसतखेळत चालत गेले असते. कुठेतरी एखादी भेग सापडावी म्हणून रेघवाल्यांनी फोटो मोठा करून करून पाहिला. पोरीच्या वाटेत भेग असावी असं आपल्याला वाटतंय, हे लक्षात आलं तेव्हा त्यांना स्वतःचीच लाज वाटली. पुढच्याच आठवड्यात तो बर्फ निम्मा वाहून गेला, पण त्याचा आता कोणाला काय उपयोग.

छावणीतून शनिवारी दहा मिनिटं फोन करता येई. धुकं ओसरल्यावर तिनंही सगळं पाहिलं होतं. तिचा आवाज चढलेला नव्हता, आणि तेच त्यांना जास्त लागलं.

"बाबा, बर्फ होता."

"हो. पाहिला मी."

"मग आधी ती रेघ सलग काढलीस कशाला?"

"तू घरी यावीस म्हणून."

"आणि मग खोडलीस का?"

"तू घरी यावीस म्हणूनच."

फोन ठेवला की काय, म्हणून त्यांनी कान आणखी घट्ट लावला, तेव्हा तिचा श्वास ऐकू आला.

"जेवलास का?" तिनं विचारलं.

ते हो म्हणाले, आणि मग लगेच, नाही म्हणाले.