तांबडीच्या तारा

उर्वीला तिरकी गिटार हवी होती. तिरकी म्हणजे वाकडी नव्हे हं. साध्या गिटारच्या मानेवरच्या धातूच्या पट्ट्या शिडीच्या पायऱ्यांसारख्या सरळ असतात, हिच्या मात्र पंख्याच्या काड्यांसारख्या पसरलेल्या. त्यामुळे जाड तार लांब होते, बारीक तार आखूडच राहते, आणि सूर बराच खाली उतरवला तरी जाड तार कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबत नाही. हे सगळं तिने वर्तकनगरच्या घरात इतक्यांदा सांगितलेलं की आईसुद्धा कुकर लावता लावता 'मल्टिस्केल' म्हणायला लागली होती.

"आहे ती कुठे रुसलीये?" बाबा विचारायचे.

आहे ती म्हणजे तांबडी. वासंतीआत्याची. आत्या डोंबिवलीची. बँकेतली नोकरी सांभाळून लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारी त्या वेळची एकटी बाई. उर्वी आठवीत गेली तेव्हा आत्याने पलंगाखालून तांबडी काढली, पुसली आणि तिच्या हातात दिली. आता उर्वी दहावीत. यंदा सोसायटीच्या गणपतीत तिने पहिल्यांदा स्टेजवर वाजवलेलं, टाळ्या पडलेल्या, आणि तेव्हापासून बाईसाहेब हवेत. त्यात ड्रमवाला सलिल म्हणाला, "तू फुल कडक वाजवतेस यार, गिटारच खटारा आहे." झालं.

खरं सांगायचं तर तांबडी खटारा नव्हती. जाड तारा चढवल्या की खालच्या सुरातही तिच्यावर भागत होतं. पण 'भागतंय' म्हटल्यावर बाबा नवी घेणार नाहीत, एवढं उर्वीला कळत होतं. म्हणून नवरात्रात आत्या राहायला येणार, त्या दिवशी सकाळीच तिने जाड तारा काढल्या, त्यांचं वेटोळं करून कंपासपेटीत कोंबलं, बारीक तारा चढवल्या आणि सूर तेवढाच खाली उतरवला.

संध्याकाळी तिने सगळ्यांसमोर वाजवून दाखवलं. डब्यात माशी अडकावी तसा आवाज. बाबांनी तोंड वाकडं केलं. उर्वीला आतून हसू फुटत होतं. आत्या काहीतरी टोमणा मारेल, बाबा हो म्हणतील, काम फत्ते.

आत्याने टोमणा मारला नाही. तिने चष्मा काढून पदराने पुसला.

"चुकलंच माझं, उर्वी," ती म्हणाली. "तपासून द्यायला हवी होती गं. इतकी वर्षं पलंगाखाली पडलेली, दमट हवेने मान वाकली असणार. आणि तू बिचारी दोन वर्षं तिच्याशीच झटतेयस."

यावर उर्वी काय म्हणाली? म्हणाली, "जाऊ दे गं आत्या. होतं असं."

म्हणजे तिने आत्याला चक्क माफ केलं. मोठ्या मनाने.

शब्द तोंडातून गेले आणि तिचे कान तापले. ते तापलेले कान काही केल्या निवेनात. खंडेनवमीला पूजा मांडली. बाबांचा पान्यांचा संच, आईची शिलाई मशीन, त्याशेजारी तांबडी. आईने उर्वीची गणिताची पुस्तकं ठेवली आणि त्यांवर कंपासपेटी. उर्वी "अगं, ती कशाला" म्हणाली, पण "सरस्वती आहे ती" म्हणत आईने विषय संपवला. आत्याने एकेका वस्तूला हळदकुंकू लावलं. कंपासपेटीलाही लावलं. तांबडीपाशी मात्र ती जरा जास्त थांबली आणि हळूच पुटपुटली, "पुष्कळ केलंस बाई माझ्यासाठी."

"नमस्कार कर गं," आई म्हणाली. उर्वीने केला. समोर आत्या फसलेली, तांबडी बदनाम झालेली, आणि चोरीचा माल कुंकू लावून देव्हाऱ्यात. रातोरात तारा बदलून टाकाव्यात म्हटलं तर दसऱ्यापर्यंत पूजेतल्या वस्तूला हात लावायचा नाही. बसा.

दसऱ्याला सकाळी पूजा हलली तसं तिने ते वेटोळं काढून कुर्त्याच्या खिशात घातलं. पुढे काय करायचं ते ठरलं नव्हतं. दुपारी बाबांनी गाडीला झेंडूची माळ घातली आणि सगळे डोंबिवलीला निघाले. बाबांनी कबूल केल्याप्रमाणे मुहूर्तावर नवी गिटार घ्यायची, आत्याला घरी सोडायचं. तांबडी आत्याच्या मांडीवर. गाडी खड्ड्यात आदळली की वेटोळं उर्वीच्या मांडीला टोचायचं.

दुकानात तिरकी गिटार तिच्या हातात आली. काळीभोर. उर्वीने सर्वांत जाड तार छेडली आणि आवाज थेट बरगड्यांत घुमला. स्वच्छ, घट्ट. ती जे जे सांगत होती ते सगळं खरं होतं, आणि तिला ही गिटार भयंकर हवी होती. बोटांना तर तिरक्या पट्ट्यांची लगेच सवय झाली.

"बांधा," बाबा म्हणाले.

दुकानदाराने तांबडीकडे पाहिलं. "ही एक्स्चेंजमध्ये देताय?"

"नको," आत्या म्हणाली. "बिघडलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या पोराच्या गळ्यात कशाला मारायची? माझ्याकडेच राहू दे."

उर्वीचा हात खिशात गेला.

"आत्या, तांबडी बिघडलेली नाहीये." तिने वेटोळं काउंटरवर ठेवलं. त्यावर कंपासपेटीतली पेन्सिलीची भुकटी आणि कुंकवाचे दोन कण. "मी काढलेल्या ह्या. तू यायच्या आधी. मुद्दाम."

आत्याने सर्वांत जाड तारेवरून बोट फिरवलं. बाबा काही बोलणार, तेवढ्यात तिने हात वर केला. "हरिहर, थांब."

मग ती उर्वीकडे वळली. आवाज चढलेला नव्हता, म्हणूनच जास्त लागला.

"आणि वर मला माफ केलंस."

उर्वीला वाटलं, ओरडली असती तर बरं झालं असतं. दुकानात आणखी दोन कुटुंबं होती, ती सगळी आता पेटीचे भाव विचारायचं सोडून इकडे बघत होती.

"सॉरी, आत्या."

"चढव," आत्या म्हणाली.

"इथे?"

"बिघडलीये असं चारचौघांत म्हटलंय मी तिला. चारचौघांतच ऐकू दे."

उर्वी स्टुलावर बसली. डोळे भरल्यामुळे तार भोकात जाईना. एरवी झटक्यात तारा बदलणारी पोरगी, पण त्या दिवशी एकेक तार तीन-तीनदा ओवत बसली. आत्या शेजारी उभी होती, तिने मदत केली नाही. शेवटी सूर जुळला. उर्वीने वाजवलं. काळीइतकं स्वच्छ नव्हतं, जरासं घोगरं होतं, पण माशी गेली होती.

आत्याने डोळे मिटून ऐकलं. "घसा बसलाय थोडा," ती म्हणाली. "वयाच्या मानाने बरी आहे."

बाबांनी काळीकडे बोट केलं. "मग हिचं काय करायचं?"

"हवीये," उर्वी म्हणाली. "खरंच हवीये, बाबा. पण आज नको. आज घेतली तर मला वाजवताच येणार नाही."

कुणी तिला शाबास म्हटलं नाही. दुकानदाराने काळी परत भिंतीला टांगली.

आत्याच्या दारात उर्वीने आपट्याचं पान काढलं आणि पाया पडायला वाकली. आत्याने पाय मागे घेतला.

"मला नंतर. आधी तिला दे."

जिन्यात शेजारच्या काकू उभ्या, बाबा किल्ली फिरवत, सगळे बघतायत. उर्वीने तांबडीच्या तारांखाली पान सरकवलं, वाकून तिला नमस्कार केला, आणि मग आत्यासमोर वाकली तेव्हा आत्याने पाय मागे घेतला नाही. आशीर्वाद मात्र नेहमीचा दिला नाही.

"दिवाळीत ये," एवढंच म्हणाली. "हिला घेऊन."